डाव्या हाताचा मळ

गेले काही शनिवार इथे शुकशुकाट होता, त्याबद्दल सॉरी. कारण सांगितलं तर हसाल. मी गावाकडे मोटरसायकलचा क्लच बदलत होतो. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा दोष क्लचचा नव्हता.

सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव गारगोटी. पुण्यात ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की "म्हणजे दगड?" असा प्रश्न ठरलेला. तर दगड नव्हे, भुदरगड तालुक्याचं ठिकाण. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर, वेदगंगेच्या काठावर. ज्यांना नाव माहीत असतं त्यांच्या ओळखीतलं कोणीतरी हमखास मौनी विद्यापीठात शिकलेलं असतं. जे. पी. नाईकांसारख्या माणसाने खेड्यात शिक्षणाचा एवढा मोठा घाट घातला, त्यामुळे आमच्या गावात सायकलच्या दुकानापेक्षा मास्तर जास्त, असं आई म्हणते. त्या मास्तरांपैकी एक आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. हायस्कूलला भूमिती शिकवायचे. रिटायर होऊन चार वर्षं झाली.

अण्णांकडे २००३ सालची स्प्लेंडर आहे. टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेलं. त्या दोघांनी वेगळं व्हायचं डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केलं, पुढच्या वर्षी कंपनीचं नावही बदललं, पण अण्णांच्या टाकीवर त्यांचा संसार सुरळीत चालू आहे. या गाडीच्या टाकीवर बसून मी पहिलीत गेलोय. इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला याच गाडीवरून स्टँडपर्यंत गेलोय. रविवारी सकाळी अण्णा अंगणात पोतं अंथरून प्लग साफ करायचे, चेनला तेल द्यायचे आणि मी पाने हातात देणारा असिस्टंट. "दहाचा दे" म्हटलं की दहाचाच द्यायचा. बाराचा दिला तर भूमितीतला एखादा प्रमेय विचारायचे.

यंदा गणपतीला चार दिवस घरी होतो. मुधाळ तिट्ट्याला आत्याला आणायला गेलो. येताना आत्या मागे, तिच्या दोन पिशव्या पुढे. थोडा चढ आला, मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी आपली विचार करतेय, जाऊ की नको! आवाज साठचा, स्पीड तीसचा. घरी पोचेपर्यंत जळक्या तेलाचा वास.

"अण्णा, क्लच स्लिप मारतोय."

"चालतीय की गाडी," अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "मला तर कधी जाणवलं न्हाई."

आता ज्यांचं सगळं आयुष्य गिअर नसलेल्या स्कूटरवर गेलंय त्यांच्यासाठी दोन ओळी. इंजिन फिरत असतं आणि चाक कधी थांबलेलं असतं, कधी फिरत असतं. या दोघांना जोडायचं आणि सोडायचं काम क्लचचं. आत चकत्यांची एक चवड असते. एक कॉर्क प्लेट, एक स्टीलची, परत कॉर्क, परत स्टील. (आता त्यात खरं कॉर्क नसतं, पण गॅरेजात नाव तेच राहिलंय.) कॉर्कच्या प्लेटा इंजिनकडून फिरतात, स्टीलच्या गिअरबॉक्सच्या बाजूला अडकलेल्या असतात. स्प्रिंगा ही चवड घट्ट दाबून धरतात म्हणून सगळं एकत्र फिरतं. डाव्या हाताने लिव्हर ओढला की क्लच वायर ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेटा एकमेकींपासून मोकळ्या होतात. एवढंच.

यात बिघाडही दोनच प्रकारचे. एक, लिव्हर सोडला तरी प्लेटा नीट चिकटत नाहीत. याला म्हणायचं स्लिप. इंजिन पळतं, गाडी पळत नाही. दोन, लिव्हर पूर्ण ओढला तरी प्लेटा नीट सुटत नाहीत. मग सिग्नलला क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये उभं राहिलं तरी गाडी पुढे सरकत राहते, न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. पहिला आजार आणि दुसरा आजार एकमेकांच्या अगदी उलटे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑफिसात माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणं. त्यामुळे मी रीतसर यादी केली. स्वस्त ते महाग या क्रमाने.

पहिलं, वायरचा प्ले. लिव्हर ओढायला सुरुवात केल्यावर टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर तो नुसता मोकळा फिरला पाहिजे. त्यानंतर क्लचवर जोर यायला हवा. मी पाहिलं तर प्ले शून्य! लिव्हर नुसता टेकवला तरी वायर ताणलेली. म्हणजे कोणीतरी सतत अर्धा क्लच दाबून धरल्यासारखंच. स्लिप होणारच.

दुसरं, ऑईल. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारसाठी बनवलेल्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती मानवतात, पण आपल्या क्लचला घर्षणच तर हवं असतं! म्हणून डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं आहे का ते बघायचं. 'एमबी' असेल तर ते ज्यांचा क्लच ऑईलमध्ये नसतो त्या स्कूटरसाठी. अण्णांचा डबा एमएचा होता. पास.

तिसरं, प्लेटा. मी प्ले नीट सोडून परत गाडी चढावर नेली. तरी घसरतच होती. म्हणजे प्लेटा संपल्या.

आणि इथे मी स्वतःवर खूश होऊन एक निष्कर्ष काढला. प्लेटा झिजल्या की चवड पातळ होते आणि वायरचा प्ले आपोआप कमी होत जातो. हे खरंच आहे, कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळेल. म्हणजे प्लेटा झिजल्या, म्हणून प्ले शून्य झाला, म्हणून स्लिप. केस क्लोज्ड. हे तर डाव्या हाताचा मळ!

"गॅरेजला टाकूया?" आईने विचारलं.

"कशाला? मी करतो."

अण्णांनी पेपर खाली केला. मला वाटलं आता उठतील, पोतं आणतील. पण म्हणाले, "तूच कर. शीक जरा." आणि खुर्ची ओढून बाजूला बसले.

प्लेटा आणि स्प्रिंगांचा सेट, कव्हरचं पॅकिंग आणि ऑईल, सगळं गावातच एका फेरीत मिळालं. पुण्यात याच कामाला गाडी टाकली असती तर आधी अपॉइंटमेंट, मग मेसेज, मग रेटिंग द्या म्हणून फोन. इथे दुकानदाराने कुठल्या सालची गाडी एवढंच विचारलं आणि वर सल्ला दिला, "प्लेटा रातभर ऑईलात भिजत टाका. कोरड्या बसवला तर जळतील." तशा त्या आईच्या जुन्या पातेल्यात भिजत घातल्या. ते पातेलं आता माझंच आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. ऑईल काढलं. किक, फूटरेस्ट, सायलेन्सर बाजूला. उजवीकडच्या कव्हरचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, हे मला अण्णांनी लहानपणीच शिकवलेलं. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. कव्हर निघालं. जुनं पॅकिंग ब्लेडने खरवडण्यात पाऊण तास गेला. हे काम कुठल्याही व्हिडिओत दाखवत नाहीत, कापून टाकतात. स्प्रिंगांचे बोल्ट एकदम एक न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे सोडायचे, नाहीतर प्लेट तिरकी होते. मधला लॉक काही माझ्या पान्यांना दाद देईना, तेव्हा शेजारच्या मेस्त्रींकडून हत्यार आणलं. मेस्त्रींनी हत्यार दिलं आणि बघायला स्वतःही आले. मग त्यांचा मुलगा आला. मग दोन चहा जास्त झाले.

जुनी कॉर्क प्लेट नव्या शेजारी धरली. व्हर्नियरवर अर्ध्या मिलिमीटरचा फरक. एवढाच! अर्ध्या मिलिमीटरने आत्याला तिट्ट्यावरून घरी यायला अर्धा तास लावला होता.

अण्णा खुर्चीतून सूचना देत होते. मध्येच एखादा पाना उचलून देत होते, उजव्या हाताने. एकदाही पोत्यावर येऊन बसले नाहीत. मला तेव्हा ते बरंच वाटलं. म्हटलं, आपल्यावर विश्वास टाकलाय.

संध्याकाळी गाडी उभी राहिली. प्ले १५ मिलिमीटर, अण्णांच्या शाळेच्या स्टीलच्या पट्टीने मोजून. नवीन अ‍ॅडजस्टमेंटचा मोबाईलवर फोटोही काढला, सवयीने. कुठलाही बदल केला की स्क्रीनशॉट ठेवायचा, हे हाडात भिनलंय. मग टेस्टिंगला थेट भुदरगड. पुष्पनगरवरून पेठशिवापूर आणि तिथून वर किल्ल्यापर्यंत गाडी जाते. मेस्त्रींच्या मुलाला मागे बसवलं आणि एका दमात वर. भैरवनाथाला नमस्कार केला, तळ्याकाठी बसून फोटो काढले आणि टीमच्या ग्रुपवर टाकले. खाली ओळ, 'बग फिक्स्ड'.

यानंतरचे पाच आठवडे मी पुण्यात ही गोष्ट किती जणांना ऐकवली ते विचारू नका.

मग दसऱ्याला घरी आलो.

सकाळी दूध आणायला गाडी काढली. पहिल्याच चढाला इंजिन ओरडलं आणि गाडी विचार करायला लागली.

माझा चेहरा काय झाला असेल! डोक्यात सगळ्या शक्यता. प्लेटा डुप्लिकेट निघाल्या? स्प्रिंगा मऊ होत्या? मी बसवताना काही उलटं केलं? तिथूनच ठरवलं, घरी जाऊन सरळ कव्हर खोलायचं. घरी आलो तर आईने पाने, टी, पक्कड, हातोडी, झाडून सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. शेजारी माझा लॅपटॉप. हळदकुंकू, झेंडू.

"आज खंडेनवमी हाय. हत्याराला हात लावायचा न्हाई."

"अगं, पण गाडी..."

"गाडी पण पूजेलाच लावायचीय. धुवून आण."

झालं. पुण्यात सर्व्हर पडला तर मी रात्री दोनला उठतो, पण आईच्या पूजेतला पाना उचलायची माझी छाती नाही. गाडी धुवायला घेतली. हातात हत्यार नाही, त्यामुळे नुसतं बघण्याशिवाय काही करता येईना. आणि मग दिसायला लागलं.

क्लच लिव्हरपाशी वायरला एक अ‍ॅडजस्टर असतो, हाताने फिरवता येणारा. तो बाहेर आला की वायर ताणते, आत गेला की सैल होते. तो पार बाहेर आलेला होता. मोबाईलवरचा फोटो काढला. माझ्या फोटोत दोन आटे दिसत होते. आता सहा.

प्ले शून्य.

मग मला गणपतीतलं आठवलं. तेव्हाही अ‍ॅडजस्टर असाच बाहेर होता. मी म्हटलं होतं, वीस वर्षांची गाडी, वायर ताणली असेल. पण प्लेटा झिजून जर प्ले कमी झाला असता, तर तो परत आणायला माणूस अ‍ॅडजस्टर आत फिरवतो. बाहेर कशाला फिरवेल? प्लेटा झिजल्या म्हणून वायर ताठ झाली नव्हती. वायर कोणीतरी ताठ केली होती, म्हणून प्लेटा झिजल्या होत्या. कारण आणि परिणाम मी उलटे लावले होते. आणि नव्या प्लेटा घालून परिणाम तेवढा दुरुस्त करून गेलो होतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर कोणीतरी परस्पर बदल करत होतं. आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता.

"अण्णा, हा अ‍ॅडजस्टर कोणी फिरवला?"

"आपोआप फिरत असंल. व्हायब्रेशननं."

ज्या माणसाने आयुष्यभर 'सिद्धतेशिवाय विधान मान्य नाही' म्हणून पोरांचे मार्क कापले, तो माणूस हे म्हणाला. अ‍ॅडजस्टरखालची चकती घट्ट आवळलेली होती. व्हायब्रेशनने अ‍ॅडजस्टर फिरेलही एखादवेळी, पण फिरल्यावर स्वतःला लॉक नाही करणार.

मी काही बोललो नाही. म्हटलं, "जरा बसा गाडीवर. क्लच दाबून दाखवा."

अण्णा बसले. डावा हात ग्रीपवर ठेवला. तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली, जी मी गणपतीत चारही दिवस हाताखाली धरून फिरलो होतो. डाव्या ग्रीपवर स्पंजचं जाड कव्हर होतं. फक्त डाव्या. उजवी ग्रीप साधी.

अण्णांनी लिव्हर ओढला. बोटं अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि थांबली. मधलं बोट तर वाकलंच नाही. मग त्यांनी मनगट वळवून, खांद्यातून जोर लावून बघितला. लिव्हर ग्रीपपासून दोन बोटं लांबच राहिला.

कोडं पूर्ण सुटलं. मी सोडला होता तो १५ मिलिमीटरचा प्ले. लिव्हर पूर्ण ओढणाऱ्या माणसासाठी तो बरोबर. पण अर्ध्यापर्यंतच ओढू शकणाऱ्या माणसाचं निम्मं अंतर त्या प्लेमध्येच संपतं, क्लच सुटतच नाही. मग गाडी थांबवली तरी पुढे सरकणार, न्यूट्रल सापडणार नाही. म्हणजे दुसरा आजार. त्यावर अण्णांनी उपाय काढला. वायर ताणून घेतली, की थोडं ओढलं तरी क्लच सुटतो. पण मग लिव्हर सोडल्यावरही तो पूर्ण चिकटत नाही. म्हणजे पहिला आजार. स्पंजमुळे बोटांना जाड ग्रीप धरायला सोपी झाली, पण लिव्हरचं अंतर आणखी कमी झालं, म्हणून वायर आणखी ताणली. भूमितीच्या मास्तराने एका अडचणीवर बिनचूक उत्तर काढलं होतं. त्याची किंमत तेवढी प्लेटा देत होत्या.

आई दारात उभी होती. म्हणाली, "सहा महिने झाले, शर्टाची बटणं मी लावून देते."

"तू गप," अण्णा म्हणाले.

"सांगू दे की त्याला. सकाळी बोट अडकतंय, मग टक्कन सुटतंय. परवा तिट्ट्यावर यष्टीच्या मागं उभारले होते, तर गाडी आपोआप पुढं. चाक जाऊन टेकलं यष्टीला."

मला काय बोलावं कळेना. दर रविवारी फोन होतो आमचा. पाऊस किती, ऊस कधी तुटणार, माझं प्रमोशन, सगळं बोलतो. "तब्येत?" "झकास." हे मी दर आठवड्याला विचारत होतो आणि दर आठवड्याला टिक करत होतो.

"मला का नाही सांगितलं?"

अण्णा गाडीवरून उतरले. जरा वेळाने म्हणाले, "सांगितलं असतं तर पहिल्यांदा गाडी बंद केली असतास."

खोटं नव्हतं ते. केलीच असती.

दसरा झाल्यावर कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात बघायच्या आधी एकच सांगितलं, "नमस्कार करा." अण्णांनी हात जोडले. तळवे एकमेकांना टेकलेच नाहीत, बोटांच्या मध्ये फट राहिली. डॉक्टर म्हणाले, "शुगर कधीपासून आहे?"

आठ वर्षांपासून. गोळी चालू आहे आणि तपासणी 'करायचीय'. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की हाताची कातडी आणि सांध्यांभोवतालचे पडदे जाड, ताठ होत जातात. बोटं पूर्ण उघडत नाहीत, पूर्ण मिटत नाहीत. हे फारसं दुखत नाही आणि सावकाश होतं, म्हणून माणूस त्याच्याशी जुळवून घेत राहतो. मधलं बोट अडकणं हे वेगळं, त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात, तेही मधुमेहात जास्त दिसतं. हात असे असतील तर डोळे आणि किडनीही तपासायला हव्यात, म्हणून ती यादी वेगळी. डोळे ठीक निघाले. बाकी साखर आटोक्यात आणायची, हाताचे व्यायाम, बोटात एक इंजेक्शन. पूर्ण पहिल्यासारखं होईल का? "बघूया," डॉक्टर म्हणाले. क्लचप्लेटसारखा सेट बदलता येत नाही.

येताना बसमध्ये मी स्कूटरचा विषय काढला. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी त्यांना होंडाच्या सुपर कबची गोष्ट सांगितली. १९५८ साली जपानमध्ये ही गाडी आली, तेव्हा तिथे हॉटेलातली पोरं एका हातावर शेवयांचं ताट तोलत घरोघर डिलिव्हरी द्यायची. त्यांना एका हाताने चालवता यावी, डावा हात मोकळा राहावा म्हणून गाडीला आपोआप चालणारा क्लच दिला. लिव्हरच नाही. इंजिनाचा वेग वाढला की क्लच स्वतःच लागतो, कमी झाला की सुटतो. आणि अण्णांच्या स्प्लेंडरचं आडवं इंजिन त्याच घराण्यातलं. म्हणजे या खानदानाची सुरुवातच मुळी डाव्या हाताला सुट्टी देऊन झालीय.

"म्हंजे आमच्या गाडीला लिव्हर नंतर बसवला," अण्णा म्हणाले.

"तसंच काहीसं."

"हं."

बिद्री मागे गेलं. कारखान्याचा वास येऊन गेला. तिट्टा जवळ आला तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला बाजारात जायला यायला स्कूटर लागतीयच म्हणा."

माझ्या आईने आजपर्यंत सायकलसुद्धा चालवलेली नाही. मी म्हटलं, "हो. आईसाठीच घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी परत क्लच खोलला. नव्या कॉर्कवर काचेसारखी चकाकी आलेली, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग. पाच आठवड्यांत! दुसरा सेट, दुसरं पॅकिंग, परत पाऊण तास ब्लेड. यावेळी अण्णा खुर्चीवरून उठले आणि पोत्यावर येऊन बसले. बोल्ट त्यांनी पुठ्ठ्यातून एकेक काढून दिले, उजव्या हाताने, आणि डाव्याने धरायचा प्रयत्न केला. दोन पडले. दोन्ही मी न बघितल्यासारखं केलं, मग लक्षात आलं की न बघण्यातूनच तर हे सगळं झालंय. म्हणून तिसरा पडला तेव्हा उचलून त्यांच्या हातात परत दिला. त्यांनी तो बरोबर जागी लावला.

स्पंज काढून टाकला. नवीन वायर तेल सोडून बसवली, तिने लिव्हर बराच हलका झाला. प्ले १५. आणि एक करार झाला. रोजचं येणं-जाणं 'आईच्या' स्कूटरवर. स्प्लेंडर चालवायची असेल तर आधी प्ले पट्टीने मोजायचा, मग लिव्हर ग्रीपला टेकवून दाखवायचा, आईसमोर. टेकला तर गाडी बाहेर, नाही तर फक्त किक मारून चालू करायची आणि धूळ पुसायची. अ‍ॅडजस्टरला हात लावायचा नाही.

हिरो होंडाची पहिली मोटरसायकल, सीडी १००, १९८५ साली आली. तिच्या जाहिरातीत म्हणायचे, फिल इट, शट इट, फर्गेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. आमच्या घरात सगळ्यांनीच शेवटचा शब्द जरा जास्त मनावर घेतला होता. गाडीच्या बाबतीत, आणि बाकीच्याही.

आता रविवारच्या फोनआधी अण्णांचा मेसेज येतो. पूर्वी सुप्रभात आणि फुलं यायची. या रविवारचा असा होता:

'प्ले १५. शुगर उपाशीपोटी १३८. लिव्हर एक बोट लांब. गाडी पुसली.'